कोंडवाडा दुपारी बारापर्यंत

नवरा गेल्यावर त्याच्या जागी आमच्या समुद्रकाठच्या गावाच्या नगरपरिषदेत मला नोकरी लागली ती कोंडवाड्यावर. रस्त्यात ठाण मांडणारी मोकाट गुरं आणून कोंडायची, मालक येऊन सोडवेपर्यंत त्यांचं चारापाणी बघायचं, कुत्रं चावल्याची तक्रार आली की जाळी घेऊन धावायचं. या कामाला आम्ही दोघंच. मी आणि निवृत्तीकडे झुकलेले एक मुसलमान गृहस्थ. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. उधळलेल्या बैलाशी ते हळू आवाजात असं काही बोलत की बैल मुकाट्याने मागून चालू लागे.

मग खर्च कमी करायचा म्हणून आम्हाला अर्धवेळ केलं. सकाळी आठ ते बारा. बाराला कुलूप लावायचं आणि चावी ऑफिसात जमा करायची.

मी साहेबांना विचारलं, "दुपारी गुरांना पाणी कोण पाजणार?"

"सकाळीच जास्त भरून ठेवा."

"साहेब, ती पाय मारतात. सगळं सांडतं."

"अर्ज करा."

मी अर्ज केला. उत्तर नाही म्हणून दुसरा केला, मग तिसरा. दुपारी मी घरून कळशी नेऊन गजांमधून पाणी ओतायचे, पण पलीकडच्या भिंतीशी बसलेल्या जनावरापर्यंत ते पोचायचं नाही.

मे महिन्यात एकदा अकराच्या सुमाराला एक गाभण गाय आली. आज-उद्या विणार हे दिसतच होतं. मी क्लार्कना म्हटलं, "आजच्या दिवस चावी माझ्याकडे राहू दे."

"बाई, एकाला दिली की सगळे मागतात," असं म्हणून त्यांनी चावी कपाटात टाकली.

चारला कळशी घेऊन निघाले, तर वळणावरच तिचं हंबरणं ऐकू आलं. गाय आडवी पडली होती. वासराचे पुढचे पाय बाहेर आलेले आणि पुढे काहीच सरकत नव्हतं. ऑफिसात धावले. कपाट बंद, क्लार्क मीटिंगला अलिबागला. फोन उचलेनात. मी चाचांना बोलावलं. ते सायकलवरून आले, आत एकदा बघितलं आणि दगड उचलला.

"चाचा, नोकरी जाईल."

"बेटी, हे बघत उभं राहायची नोकरी मला नको."

कुलूप तुटलं. आम्ही दोघांनी मिळून वासरू ओढून काढलं. पाडी होती. चाचांनी तिच्या नाकात काडी फिरवली, तोंड साफ केलं, छाती चोळली. ती काही श्वास घेईना. गाय तेवढी वाचली आणि तिला चाटत राहिली.

संध्याकाळी मालकीण शोधत आली. आतल्या गावात भातशेती करणारी, माझ्याच वयाची. पाडी बघून ती खालीच बसली. "तुमी व्हता तरी कुठं?"

"बाराला घरी गेले होते," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? तिने माझ्याकडे असं बघितलं की ते मनाला पुरतं लागलं.

तिसऱ्या दिवशी आम्हा दोघांना नोटीस आली, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल. म्हणजे कुलपाचं. मी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. "यात पाडीचं कुठे लिहिलंय?"

"तो वेगळा विषय आहे."

मी अर्ज करतच राहिले. पुढे दिवाळीच्या सुट्टीत भर दुपारी समुद्रावर एका पर्यटकाच्या पोराला कुत्रं चावलं. बापाने व्हिडिओ काढला, "इथे कोणी आहे की नाही?" म्हणून ओरडला, आणि तो व्हिडिओ फोनाफोनांवर फिरला. आठवड्यात आदेश निघाला. पर्यटकांची गैरसोय टाळण्यासाठी कामाचे तास पूर्ववत. माझ्या नऊ अर्जांचा त्यात उल्लेख नव्हता.

शिवाय पूर्णवेळ जागा एकच. चाचांना सांगितलं, तुमची थोडीच वर्षं उरलीत, आता घरी बसा. ते माझ्यासमोर हसले. गेटपाशी मात्र बराच वेळ सायकल धरून उभे होते.

आता मी पूर्ण दिवस असते आणि एकटीच असते. बैल एकटीने आवरत नाही. परवा आणखी एका माणसासाठी अर्ज घेऊन गेले.

क्लार्क म्हणाले, "बाई, आता तरी समाधान माना."

"शिक्का मारा," मी म्हटलं, आणि पोच हातात पडेपर्यंत तिथून हलले नाही.