मंगलचे चौदा कोरे कागद

मंगल गेल्याचा फोन तिच्या मुलीनं, ऋतुजानं केला, तेव्हा मी नगरला माझ्या शाळेत नववीचे पेपर तपासत बसले होते. "मावशी, सकाळी आई गेली," एवढंच ती बोलली... आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? रडू नाही आलं. आता सांगायचं राहूनच गेलं, हे आलं. त्याला दीड महिना होऊन गेला. तीस वर्षं मी एक गोष्ट मंगलपासून लपवली होती आणि दर दिवाळीला ठरवायचे, यंदा सांगून टाकू. एरवी मी कुणाची भीडभाड ठेवणारी बाई नव्हे, पण इथं मात्र तोंडाला कुलूप.

पाथर्डीच्या अंगाला डोंगराकडेचं आमचं गाव. नव्वदीच्या सुरुवातीला तिथल्या हायस्कुलात गोरे सर विज्ञान शिकवायचे आणि दोन मंडळं चालवायचे. एक सेवा मंडळ, दुसरं व्यवसाय मार्गदर्शन मंडळ. शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रयोगशाळेत दोन्हींची बैठक एकदमच व्हायची, कारण मुलं तीच आणि सरही तेच. सेवा मंडळात बाजाराच्या दिवशी लोकांची पत्रं आणि फॉर्म लिहून द्यायचे. मार्गदर्शन मंडळासाठी सर कुणाला तरी धरून आणायचे, कधी गुरांचे डॉक्टर, कधी एसटीचे कंडक्टर, आणि आम्ही त्यांना प्रश्न विचारायचे. आम्ही काय डोंबल विचारणार? "आपलं शिक्षण किती झालं?" आणि खाली बसायचं. मंगल मात्र कंडक्टरांना म्हणाली होती, "तिकिटाला भोक पाडल्यावर ती बारकी टिकली जाती कुठं?" कंडक्टरांनी खिशातला पंच काढून उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "पोरी, वीस वर्षं नोकरी झाली, पण हे मला कुणी इचारलं न्हाई."

मंगल माझ्या शेजारी बसायची. तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला कोपरगावकडं जायचे आणि ती मागं मावशीकडं राहायची. आम्ही दहावीत गेलो त्या वर्षी मावशीच टोळीबरोबर निघाली. झालं, मंगलचीही वळकटी बांधली गेली. जाताना मला म्हणाली, "नंदे, माजा बोर्डाचा फॉर्म भरल्याला हाय. मी परीक्षेला येनार. सरांना इसरू नको म्हनावं." पण हजेरीचं काय? चार महिने गैरहजर राहिलेल्या मुलीला मुख्याध्यापक बसू देतील का, हे सरांनाही सांगता येत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, तिचा अभ्यास तुटता कामा नये, आणि हे काम सेवा मंडळाचं. मी वहीतले धडे उतरवताना खाली कार्बन लावायचा आणि दुसरी प्रत मंगलला पाठवायची. टोळीच्या मुकादमाचा भाऊ पंधरा दिवसांनी गावी यायचा, त्याच्या पिशवीतून ती कोपरगावला जायची. अक्षर माझं मोत्यासारखं, असं सगळी शाळा म्हणायची. मीही कधी नाही म्हणाले नाही.

तिसऱ्या खेपेला घोटाळा झाला. मुकादमाचा भाऊ फाटकाशी येऊन थांबलेला, मधली सुट्टी संपत आलेली, मी खालचे कागद न बघता ओढून काढले, दोरा बांधला आणि दिले. दुसऱ्या दिवशी वही उघडली तर माझ्याच पानांच्या मागं निळी उलटी अक्षरं. कार्बन उलटा लागला होता. म्हणजे मंगलला गेले ते चौदा कोरे कागद. पण सांगितलं नाही कुणाला. शाळेत पहिली येणारी मुलगी कार्बन उलटा लावते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

पंधरा दिवसांनी ते चौदाही कागद परत आले... दोन्ही बाजूंनी भरून. वर लिहिलं होतं, 'कोरे कागद पाठवले ते लई बरं केलं. इथं कागद मिळत न्हाई.' आणि खाली प्रश्नच प्रश्न. ऊस तोडून दोन दिवस पडला तर वजन कमी भरतं, मग गेलेलं जातं कुठं? कारखान्यात पांढऱ्या कोटाचा एक माणूस नळीत रस भरून डोळा लावून बघतो, त्याला आत काय दिसतं? त्याला काय शिकावं लागतं? तिथं बाया का नसतात?

शनिवारी सरांनी ते कागद प्रयोगशाळेत मोठ्यानं वाचले. वाचताना ते मधेच हसत होते, मधेच डोक्याला हात लावत होते. दोन्ही मंडळांना महिनाभर पुरेल एवढं काम त्या पोरीनं लावून दिलं होतं. सरांनी कारखान्याला पत्र लिहिलं, आम्ही पुस्तकं धुंडाळली. आणि मग सरांनी विचारलं, "कोरे कागद पाठवायची कल्पना कुणाची?"

मी हात वर केला.

पुढं दर खेपेला धड्यांबरोबर कोरे कागद जायला लागले आणि प्रश्नांनी भरून परत यायला लागले. फेब्रुवारी संपता संपता मंगल आली, हाताला उसाच्या पात्यांचे चरे. मुख्याध्यापक हॉल तिकीट देईनात. सरांनी तो सगळा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा लावून चार पानं वाचली, पाचवं वाचलं. मग म्हणाले, "वर्गात बसलेल्यांनी वर्षभरात एवढं विचारलं नाही हो, गोरे." आणि हॉल तिकीट दिलं.

मंगल पास झाली, पुढं रसायनशास्त्र शिकली आणि कोपरगावच्याच बाजूला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. पांढरा कोट घालून. सरांच्या निरोप समारंभात तिनं भरल्या सभेत सांगितलं, "नंदाला कोरे कागद पाठवायचं सुचलं म्हणून मी आज इथं हाय." टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, लोकांना वाटलं विनयानं.

गेल्या आठवड्यात कोपरगावला ऋतुजाला भेटायला गेले. निघताना तिनं पॅडवर माझं नाव आणि नगरचा पत्ता लिहून घेतला. मला राहवेना. तिच्या आईला सांगायचं ते मी लेकीला सांगून टाकलं, त्या उलट्या कार्बनसकट. ऋतुजा हसायलाच लागली.

"आईला माहीत होतं, मावशी. तुम्ही इतकं दाबून लिहायचात की कागदावर वळ उठले होते. तिनं आधी सगळे धडे त्यावरूनच वाचले, मग वर लिहिलं."

"मग बोलली का नाही कधी?"

"मी पण हेच विचारलं होतं. ती म्हणाली, चूक झाली म्हणून कळवलं असतं, तर पुढच्या वेळी नंदानं कार्बन सुलटा लावला असता. मग मी लिहिलं कुठं असतं? आणि नंतर म्हणे, तुम्ही सभेत अशा लाजलात, की तिला तुमची मजा मोडवेना."

मला आधी रागच आला तिचा. तीस वर्षं हिनं मला मिरवू दिलं... मग मात्र तिथंच बसून रडले, फोन आला त्या दिवशी रडायचं राहिलं होतं तेवढं सगळं. ऋतुजानं पाणी दिलं. मग पॅडवरचा पत्त्याचा कागद फाडून घेतला आणि खालचा कोरा कागद माझ्या हातात दिला. "खिडकीशी जा. सरळ नाही, तिरपा धरा. आई असंच दाखवायची."

मी धरला. आधी काहीच दिसेना. जरा कलता केला तर ऊन आडवं आलं, आणि कोऱ्या कागदावर माझं नाव दिसायला लागलं.