आवाजाला वाफसा

मे महिन्यात शेठचा फोन येतो आणि तो दोनच शब्द बोलतो, “पोते आले.” बायको दरवर्षी विचारते, शेती विकून जमाना झाला, तुम्हाला बियाण्याच्या पोत्यांचं काय करायचंय? मी शर्ट चढवतो आणि निघतो. तिच्या लेखी आमचं ते रविवारचं वेडच होतं, आणि खरं सांगायचं तर तिचं फारसं चुकत नव्हतं.

आम्ही चौघे होतो. शेठचं जालन्यात बियाण्याचं दुकान, आणि दुकानामागे पत्र्याचं लांबोडकं गोदाम. दुसरा मिस्त्री, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला. तिसरे गुरुजी, मंठ्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ते दर रविवारी एसटीनं यायचे, आणि गाडी वाटूर फाट्यावर थांबली की तिथला चहा कसा होता हे आल्या आल्या सांगायचे. चौथा मी, पाटबंधारे खात्यातला कारकून. गाण्यातलं कुणालाच फार कळत नव्हतं. आम्हाला नाद होता तो आवाजाचा.

गोदामात शेठचे कपाटाएवढे दोन स्पीकर होते. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नव्हती. मोठ्या ॲम्प्लिफायरबद्दलही नव्हती. सगळी भांडणं व्हायची ती प्रीॲम्प्लिफायरवरून. आम्ही त्याला नुसतं ‘प्री’ म्हणायचो. टेपमधून निघालेला बारीक आवाज मोठ्या ॲम्प्लिफायरच्या हवाली करण्याआधी जो डबा त्याला वळण लावतो, तो प्री. गुरुजींचं म्हणणं, वळण लावावं ते जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हनंच. काचेतून गेल्याशिवाय आवाजाला माणूसपण येत नाही. मिस्त्री म्हणायचा, व्हॉल्व्ह म्हणजे म्हातारपणाचा हट्ट, नखाएवढ्या आयसीत सगळं बसतं. माझं मत असं की टोनची बटणंच नकोत, जे आहे ते सरळ येऊ द्या. शेठला एकच बटण कळायचं, बासचं. आम्ही चहाला उठलो की तो ते गुपचूप पूर्ण फिरवून ठेवायचा.

पण भांडायलाही भाषा लागते. पुस्तकी शब्द आम्हाला सुचत नव्हते, आणि चौघेही शेतकऱ्यांच्या घरातले, म्हणून शब्द मातीतले आले. रुक्ष आवाज तो कोरडा. जरा भरलेला असला की त्यात ओल आहे. फारच दबला, शब्द एकमेकांत मिसळले, की झाला चिखल. आणि या दोन्हींच्या मधला, जिथं माती हाताला चिकटत नाही आणि ढेकूळ बोटांत आपोआप फुटतं, तो वाफसा. कोणत्याही प्रीला आम्ही वाफसा दिलेला नव्हता. तेवढा एक शब्द आम्ही जपून ठेवला होता.

परीक्षा मात्र एकाच टेपवर. राजूरच्या गणपतीला एका चतुर्थीला मी भजन टेप केलं होतं. एका म्हाताऱ्या बुवांचा खर्जातला आवाज, पखवाज आणि टाळ. टाळाचा नाद किती लांब जातो आणि कसा विरतो, त्यावर प्रीचा निकाल लागायचा.

निवृत्तीनंतरची सगळी सवड गुरुजींनी एका प्रीवर घातली. व्हॉल्व्ह हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणले, ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळला, कंडेन्सर मोडक्या रेडिओंतून काढले, आणि पेटी केली ती वडिलांच्या जुन्या सागवानी पलंगाच्या फळ्यांची. मे महिन्यातल्या एका दुपारी ती पेटी मांडीवर घेऊन ते एसटीतून उतरले. गोदाम तेव्हा आढ्यापर्यंत भरलेलं होतं. सोयाबीन, तूर, मूग, उडीद. पोत्यांच्या मधल्या बोळात आम्ही खुर्च्या मांडल्या.

टेप लागली. टाळ वाजला आणि त्याचा नाद आमच्या डोक्यावरून जात जात असा विरला, की संपला कधी ते कळलं नाही. म्हाताऱ्या बुवांच्या गळ्यातली खरखरसुद्धा ऐकू आली. शेठचा हात बटणाकडे गेला नाही, यातच सगळं आलं. शेवटी बोलला तो मिस्त्री, ज्याचा सगळ्यात मोठा विरोध.

“वाफसा हाय, गुरुजी,” तो म्हणाला.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले. मला इतका आनंद झाला की मी शेठकडून पेढे मागवले.

मृग लागला, पेरण्या झाल्या. जुलैत आम्ही पुन्हा जमलो आणि गुरुजींनी तीच पेटी, तीच टेप लावली. टाळ कानात टोचला. पखवाज तर पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा. पुन्हा लावली, पुन्हा तेच. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मिस्त्री हळूच म्हणाला की व्हॉल्व्ह उतरले असतील. मीही म्हणालो, कोरडा झालाय. आवाजाच्या बाबतीत भीड ठेवायची नाही हा आमचा नियमच होता. गुरुजींनी वाद घातला नाही. ज्या माणसानं एका व्हॉल्व्हपायी आमच्याशी जन्मभर हुज्जत घातली, तो मान डोलावून पेटी बांधायला लागला, याचा मला रागच आला. पुढचे दोन-तीन रविवार ते रिकाम्या हातानं आले. मग येईनासे झाले.

दिवाळीच्या आधी हरभऱ्याचं बियाणं आलं. त्या रविवारी मिस्त्रीचा आयसीवाला प्री लावला होता, जो आम्ही कधीचाच कोरडा ठरवलेला. आज त्यात ओल होती. मिस्त्री फुशारून गेला. तेवढ्यात शेठ फोनवर कुणाशी तरी तावातावानं बोलून परत आला आणि आमच्याकडे बघत राहिला.

“आज मला कुणी हळू बोल म्हणलं न्हाई,” तो म्हणाला.

शेठचा आवाज जन्माचा मोठा. तो बोलायला लागला की गोदाम घुमायचं आणि आम्ही त्याला गप्प करायचो. पण कधी? पावसाळ्यात. उन्हाळ्यात त्याला कधीच कुणी हटकलं नव्हतं. मिस्त्रीनं प्रीकडे पाहिलं, मग पोत्यांच्या थप्पीकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. पत्र्याचं घुमणं पोती पिऊन टाकत होती. मेमध्ये वाफसा दिला तेव्हा गोदाम भरलेलं होतं, जुलैत नापास केलं तेव्हा रिकामं. चौघेही कुणब्याची पोरं, आणि पेरणी झाली की पोती जातात एवढं आमच्या ध्यानात आलं नाही. त्या डब्यांवरून किती रविवार खाल्ले, आणि ज्या पोत्यांना टेकून बसलो होतो त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघे मंठ्याला गेलो. वाटभर हसत होतो. गुरुजीही पोट धरून हसतील, मग आम्हाला शिव्या घालतील, आणि रविवारी पेटी घेऊन येतील, असं मनात पक्कं होतं. शेठनं सगळं सांगितलं. गुरुजी ऐकत राहिले. मग उठले आणि त्यांनी पेटीचं झाकण काढलं.

आत आम्ही पाहिलेलं काहीच नव्हतं. रुसून बसलेत असं आम्ही समजत होतो, आणि ते इकडे चार महिने टाळाची टोच घालवत बसले होते. एक कंडेन्सर बदलायचा, ऐकायचं, मनास येईना म्हणून दुसरा बदलायचा. घरी त्यांना तो आवाज टोचतच नव्हता. पण आम्ही कोरडा म्हणालो होतो, आणि त्यांनी आपल्या कानापेक्षा आमच्या कानांवर विश्वास ठेवला होता.

“पुन्हा पहिल्यासारखं करता येईल की,” मी म्हणालो.

त्यांनी पत्र्याचा एक डबा पुढं केला. त्यात पाय कापलेले जुने कंडेन्सर, चाळीस रेडिओंचं भंगार, सगळं एकत्र कालवलेलं. “यातले कोन्ते व्हते, ते मलाच कळंना आता,” ते म्हणाले. मिस्त्री त्या डब्यात बोटं फिरवत राहिला. मला तिथं बसवेना.

रविवारी आमच्या आग्रहाखातर ते पेटी घेऊन आले. हरभऱ्याच्या पोत्यांत तो आवाज नुसता चिखल होता. टाळ गोधडीखाली वाजावा तसा. मिस्त्री म्हणाला, झकास. शेठ म्हणाला, एक नंबर. मीही मान हलवली. गुरुजींनी बटण बंद केलं.

“खोटं बोलून राह्यले तुम्ही सगळे,” ते म्हणाले, पण रागावून नाही. “जाऊ द्या. उन्हाळ्यात ऐकलं व्हतं ना चौघांनी? मंग झालं.”

त्यानंतर ते येत राहिले आणि भांडतही राहिले, पण नवा प्री त्यांनी पुन्हा केला नाही. आता मिस्त्री गेला. गुरुजी पुण्याला मुलाकडे असतात. त्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती म्हणून पेटी शेठच्या गोदामात ठेवून गेले. पोती आली की मी आणि शेठ ती लावतो आणि मिस्त्रीची आठवण काढून उगीच एकमेकांशी वाद घालतो. पूर्वीइतकी मजा येत नाही. भांडायला चार माणसं लागतात.

यंदा आम्ही बसलो होतो आणि गुरुजींचा फोन आला. “पोते आले का?” त्यांनी विचारलं. मग म्हणाले, ती टेप लावा आणि फोन धरा समोर.

मी मोबाइल स्पीकरसमोर धरून उभा राहिलो. मोबाइलमधून टाळ अर्धासुद्धा पोचत नाही. पेटी ती बिघडलेलीच. आणि गुरुजींच्या कानात आता यंत्र असतं. यातल्या एकेका मुद्द्यावर आम्ही पूर्वी अख्खा रविवार भांडलो असतो. भजन संपलं. मी फोन कानाला लावला.

“वाफसा हाय,” गुरुजी म्हणाले.

शेठ माझ्याकडे बघत होता.

“हाय, गुरुजी,” मी म्हणालो. “बराबर हाय.” आणि या वेळी आपण खोटं बोलतोय असं मला जराही वाटलं नाही.