सासूबाईंचं माहेरपण

गल्लीत त्यांना सगळे काजवाल्या ताई म्हणत. शिंप्याच्या दुकानातून शर्टांचा गठ्ठा यायचा. ताई हाताने काजं करायच्या आणि समोर बसून धाकटी बहीण बटणं लावायची. एकाच टेबलाशी दोघींची तोंडं आणि सुया बरोबरीने चालायच्या. मग बहीण मुलाकडे राहायला गेली. आता बटणं दुकानातच मशीनवर लागतात. ताईंकडून शर्ट नुसती काजं घेऊन परत जातात.

मागच्या अंगणात बहिणीने हौसेने पाळलेल्या तीन कोंबड्या राहिल्या. नावंही तिचीच: सासूबाई, थोरली जाऊ, धाकटी जाऊ. दाणे टाकले की आधी सासूबाई खाणार, मग थोरली, मग धाकटी. ताईंनी चौथी आणली, तिला नुसतं पाहुणी म्हणायचं ठरलं आणि तिथून कटकट सुरू झाली. सासूबाई तिला पाण्यालासुद्धा शिवू देईनात. टोचून टोचून पाठीवरची पिसं उडवली.

भिंतीपलीकडे निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना चार दिवस माहेरी पाठवा. परत येतील तेव्हा तोरा उतरलेला असेल."

"यांना कुठलं माहेर?"

"तुमचं स्वयंपाकघर! पण चारच दिवस हं ताई. फार दिवस गेले तर बाकीच्या ओळख देत नाहीत."

सासूबाई घरात आल्या. पहिला दिवस दाराला चोच मारण्यात गेला. दुसऱ्या दिवशी ताईंनी अंगुस्तान घातलेलं बोट टेबलावर वाजवलं आणि पावाचा चुरा टाकला. दोनदा, तीनदा. संध्याकाळपर्यंत टकटक ऐकली की कोंबडी टुणकन बहिणीच्या स्टुलावर. चौथ्या दिवशी तर टकटकीचीही गरज उरली नाही. ताई कामाला बसल्या की ती समोर हजर.

"शिंप्याला काही कळतं का गं?" ताई विचारायच्या. "कॉलर बघ ही." सासूबाई मान वाकडी करून कॉलर बघायच्या. बहिणीनेही यापेक्षा जास्त काही केलं नसतं.

चार दिवस झाले. पाहुणीची पिसं अजून आली नाहीत, असं ताई म्हणाल्या. पिसं आली, तेव्हा म्हणाल्या, हवा गार आहे.

नर्सबाईंनी भिंतीवरून हाक मारली, "अहो, महिना होत आला! पाठवणी कधी?"

"बघू या पुढच्या आठवड्यात."

त्याच दुपारी दाराबाहेर बाकीच्या तिघी मातीत लोळत होत्या, पंखांनी धूळ अंगावर घेत होत्या. काजाचा शेवटचा टाका घालून ताईंनी मान वर केली, तर सासूबाई दाराच्या फटीशी आडव्या पडलेल्या. फरशी गुळगुळीत, पुसलेली. तिच्यावर त्या पाय झाडत होत्या, पंख घासत होत्या, नसलेली माती अंगावर उडवत होत्या. मग उठल्या, धूळ झटकावी तसं अंग झटकलं आणि पुन्हा आडव्या झाल्या.

ताईंनी सुई शर्टात तशीच टोचून ठेवली. कोंबडीला दोन्ही हातांत उचललं आणि अंगणात नेऊन सोडलं.

तिघी धावून आल्या. सगळ्यात पुढे पाहुणी. मानेच्या मागून, वरून, नेमकी सासूबाईंसारखी टोचत होती. शिकवणी अगदी पक्की झालेली. तुऱ्यातून रक्त आलं.

"आत घ्या तिला!" नर्सबाई ओरडल्या. "डोळा फोडतील!"

"आत घेतली तर उद्या आणखी परकी होईल," ताई म्हणाल्या. "मीच केलंय हे. तुम्ही चार दिवस सांगितले होते."

त्या झाडू घेऊन पायरीवर बसल्या. फार जोरात जुंपली की झाडू मध्ये घालायच्या, बाकी वेळ हात आवरायच्या. चार वाजता शिंपी आला.

"ताई, शर्ट?"

"नाही झाले."

"मग काय करताय?"

"भांडण सोडवतेय."

शिंप्याने अंगणात पाहिलं, ताईंकडे पाहिलं. "बरं, सकाळी येतो," म्हणून निघून गेला.

उन्हं उतरेपर्यंत जोर कमी झाला. सासूबाई कोपऱ्यात अंग चोरून उभ्या होत्या. अंधारू लागलं तशा तिघी खुराड्यात शिरल्या. सासूबाई मात्र वळून पायऱ्या चढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. घशातल्या घशात बारीक आवाज काढला. ताई कामाला बसल्या की सासूबाई रोज काढायच्या, तोच.

ताईंनी दार लावलं. बाहेर चोच दारावर वाजली. थांबली. पुन्हा वाजली. ताई कडी धरून उभ्या राहिल्या. तोंडातून "अगं" निघालं, तेवढ्यावरच त्यांनी ओठ मिटले. आवाज ऐकला असता तर ती तिथून हलली नसती.

बऱ्याच वेळाने पायरीवर नखं वाजली. एक. मग खालची.

ताई थोडं थांबून कंदील घेऊन गेल्या. खुराड्यातल्या दांडीवर चौघी होत्या. सासूबाई अगदी टोकाला, पाहुणीच्या शेजारी. पाहुणीने झोपेतच एक टोचा दिला, पण सरकून जागा केली. सासूबाईंनी उजेडाकडे पाहिलं नाही. डोळे मिटून त्या पाहुणीच्या पंखाला टेकल्या.

ताईंनी खुराड्याचं दार ओढून घेतलं. घरात आल्या, दिवा टेबलाजवळ ओढला आणि उरलेली काजं एकही शब्द न बोलता पुरी केली.