दसरूभाऊच्या गोळीचे वाटेकरी

आमच्या उपकेंद्रातली औषधं महिनाअखेरीस संपतात. किस्से मात्र साचत जातात आणि त्यांच्यावर एक्सपायरी डेट नसते. धानोऱ्याच्या पुढचं जंगलातलं गाव, मी तिथली आरोग्य अधिकारी, वर्षाताई नर्स. आमच्याकडचे निम्मे किस्से एकट्या दसरूभाऊचे.

*

दसरूभाऊ बांबू तोडणारे, चाळिशी उलटलेले. नागपूरला त्यांच्या मेंदूखालच्या ग्रंथीतली गाठ काढली. तेव्हापासून शरीरात ग्रोथ हार्मोन तयार होत नाही, कोलेस्टेरॉल चढलेलं, मानेतल्या रक्तवाहिनीचं अस्तर जाड झालेलं. म्हणून रोज हार्मोनचं इंजेक्शन आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची एक गोळी. फाइल मी दोनदा वाचली.

त्यांच्या बायकोला, सोमारीबाईंना, मी सांगितलं, "हे वाढीचं इंजेक्शन."

त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. "आता या वयात याले किती वाढवता?"

मी घाईघाईने समजावलं, की मोठ्या माणसाची उंची त्याने वाढत नाही. चरबी, स्नायू, हृदय यांच्यासाठी ते लागतं.

"मंग ठीक. दार उंच कराचं काम नाई."

*

इंजेक्शनचं पेन थंड ठेवावं लागतं. आमच्या फ्रिजमध्ये लसींशिवाय काही ठेवता येत नाही, म्हणून ते गजूभाऊच्या किराणा दुकानात, दह्याच्या पाकिटांशेजारी.

एका दुपारी गजूभाऊ दारात धापा टाकत उभे. "मॅडम, लाइट गेली. दसरू गरम होऊन राह्यला."

माझ्या हातातलं बीपीचं मशीनच पडलं. स्टेथोस्कोप घेऊन पळत सुटले. दुकानाच्या पायरीवर दसरूभाऊ मजेत फुटाणे खात बसलेले.

मागून वर्षाताई बर्फाचा डबा घेऊन सावकाश आल्या. "मॅडम, पेन गरम होऊन राह्यलं. तुमी पेशंटले काऊन तपासून राह्यल्या?"

*

रक्तवाहिनीत चरबी कशी साचते, हे मी कागदावर नळी काढून दाखवत होते. भीती बसावी म्हणून पेन्सिलीने चरबी भरत गेले, भरतच गेले.

वर्षाताई म्हणाल्या, "तुमची नळी पूर्ण बंद झाली. याची अजून चालू हाये. याले घरी जाऊ द्या."

*

काही महिन्यांनी रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल जागचं हललेलं नाही. गोळी रोज चालू आहे ना, असं नागपूरच्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं. मी म्हटलं, चालू आहे. आणि लगेच दसरूभाऊचं घर गाठलं.

"भाऊ, गोळी रोज घेता ना?"

"घेतो ना. माहा हिस्सा घेतो."

"हिस्सा?"

त्यांच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, पोळं उतरवलं, की मध घरोघरी वाटतात. तसंच गोळ्यांचं झालं होतं. "नागपूरची चांगली गोळी. एकट्यानं कशी खाऊ?"

"शेजारच्या गरोदर सुनेला नाही ना दिली?" मी विचारलं.

"तिले तं पयले देल्ली. पण तिनं खाल्ली नाई, वास आवडला नाई म्हणे."

मी तिथेच ओट्यावर बसले. मग सांगितलं, की ही गोळी दुसऱ्याला बाधू शकते; आणि तुम्ही रोज पूर्ण घेतली नाही तर मानेतली ती नळी एक दिवस बुजेल, मग सोमारीबाई एकट्या पडतील.

ते म्हणाले, "मी आजवर एकटा काईच खाल्लो नाई, मॅडम. चोरासारखं लागते."

*

पुढच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल छान उतरलं. डॉक्टरांनी विचारलं, "डोस वाढवला का?"

मी "नाही" म्हटलं. फोनवर याहून जास्त सांगता आलं नाही.

कारण त्याच्या आधी एका संध्याकाळी मी न सांगता त्यांच्याकडे गेले होते. अंगणात सगळा टोला बसलेला. इतकी माणसं बघून मला वाटलं, पुन्हा गोळ्या वाटतायत. तेवढ्यात सोमारीबाईंनी दसरूभाऊच्या तळहातावर गोळी ठेवली. मग टोपली घेऊन त्या फिरल्या आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक वाळलेलं मोहफूल ठेवत गेल्या. गरोदर सुनेच्याही. कोणी तोंडात टाकलं नाही. दसरूभाऊंनी सगळ्यांचे हात बघितले, मान हलवली आणि गोळी तोंडात टाकली. मग सगळ्यांनी खाल्लं.

मी कुंपणापाशीच उभी होते. टोपली घेऊन सोमारीबाई माझ्यासमोर आल्या.

"उभी काऊन वं? धर, तुहा हिस्सा."