आबांचं पाणी

आबा पाणी पीत नाहीत, ही काळजी सुनयनाच्या मनातून काही केल्या जात नव्हती. सासरे आता दिघ्याला लेकीकडे होते. सोनल त्यांना जेवणाखाण्यात काही कमी पडू देणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पण कालच सोनल फोनवर म्हणाली होती, "वहिनी, तांब्या भरून ठेवते तर संध्याकाळी तसाच. विचारलं तर म्हणतात, तहान न्हाई. तुमच्याकडे पण असंच करायचे का?"

"हो, थोडंफार," असं म्हणून सुनयनाने विषय बदलला होता.

खरं तर आबांसारखा पाणी पिणारा माणूस तिने पाहिला नव्हता. कोरेगावकडच्या खेड्यातून आबा तरणेबांड असताना इकडे आले आणि वाशीच्या मार्केटात कांद्याबटाट्याची पोती वाहून त्यांनी पोरं शिकवली. पाठीवरचं पोतं उतरलं की तांब्या वर धरायचा आणि तोंडाला न लावता घटाघटा रिकामा करायचा. पाठ वाकली तरी ती सवय गेली नाही. "हमालाचं इंजान पान्यावर चालतं," म्हणायचे. कामोठ्याच्या घरात हॉलमध्ये खिडकीशी त्यांची खाट, उशाशी तांब्या आणि पायथ्याशी नात राजलक्ष्मीची माशांची टाकी. धोतर मात्र स्वतः धुवायचे आणि झटकून स्वतःच वाळत घालायचे. सुनेच्या हाती धोतर देणं त्यांना कधी जमलं नाही.

दिवाळीच्या सुमारास खाटेखाली ओलं दिसायला लागलं. सुनयना ऑफिसातून आली की लादी पायाला चिकट लागायची. दिवसभर घरात आबा एकटे, मग दुसरं काय असणार? तिने पहिल्याच दिवशी नाकाला ओढणी लावून फिनेल ओतलं आणि पुसून घेतलं. पुढे रोज तेच. वास कशाचा आहे हे कळायच्या आतच घरभर फिनेल दरवळायचं.

"पोरी, पानी हाय त्ये," आबा म्हणाले.

"हो आबा, पाणीच आहे," ती म्हणाली. राजलक्ष्मी लहानपणी गादी ओली करायची तेव्हा ती जो समजूतदार आवाज काढायची, तोच आवाज. आबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. पुन्हा तो शब्द त्यांनी उच्चारला नाही.

"वय झालंय त्यांचं. टेन्शन नको घेऊ, डायपर आणू," असं नवरा कुलदीप म्हणाला आणि त्याने आणलेही. डायपरवर धोतर नीट बसेना, तेव्हा आबा मुकाट्याने लेंगा घालू लागले. तरी लादी ओलीच. सुट्टीच्या दिवशी तेवढी कोरडी असायची. माणसं घरात असली की यांना बरं उठायला जमतं, असं तिला वाटायचं. एकदा न राहवून तिने विचारलंच, "आबा, तुम्ही ते मधेच काढून ठेवता का?"

राजलक्ष्मी तिथेच अभ्यास करत बसली होती. दुसऱ्या दिवसापासून तांब्या भरलेलाच राहू लागला, आणि थोड्याच दिवसांत "सोनीकडं जाऊन येतो जरा" म्हणत त्यांनी पिशवी भरली. त्यात डायपरचा पुडा सुनयनानेच खुपसला. वर सोनलला फोन करून सगळं सविस्तर सांगितलं. आपण काळजीपोटी सांगतोय, असंच तिला तेव्हा वाटलं.

आबा गेल्यापासून तिला सुट्ट्याच होत्या. आणि आज ती ऑफिसला जाऊन घरी आली, तर रिकाम्या खाटेखाली लादी ओली होती.

सवयीने ती फिनेलची बाटली आणायला वळली आणि थांबली. वाकून तिने बोट बुडवलं, नाकाशी नेलं. शेवाळाचा वास होता. माशांच्या खाण्याचा.

"टाकी फुटली का मम्मी?" राजलक्ष्मी धावत आली.

दोघींनी काचांच्या सांध्यांवर पेपरच्या पट्ट्या दाबून पाहिल्या. कोरड्या. टाकीचा तळही कोरडा. मग सुनयनाने हात घालून टाकीच्या स्टँडची खालची फळी चाचपली. तिथे बुडबुड्यांचा पंप होता, आणि त्याच्या पोटाला एक थेंब लोंबत होता. तो पडला. मागून दुसरा भरू लागला. हवेच्या नळीत हवा नव्हती, पाणी होतं.

"पंप बंद आहे ना, म्हणून नळीतून पाणी उलटं खाली येतंय," राजलक्ष्मी म्हणाली. "तरीच टाकी सारखी कमी होते. मला वाटायचं मासेच पितात." तिने बटण दाबलं. पाण्यात बुडबुडे उठले आणि थेंब थांबला. "पण हे बंद कोण करतं?"

सुनयना खाटेच्या कडेवर बसली. दिवाळीपासून शॉर्ट सर्किटच्या भीतीने ती रोज निघताना घरभर फिरून एकेक बटण बंद करायची आणि परतल्यावर लागतील ती पुन्हा चालू करायची. गिझर, मिक्सर, टीव्ही, टाकी. सुट्टीच्या दिवशी ती घरी असायची आणि पंप चालू असायचा.

"मीच," ती म्हणाली.

राजलक्ष्मीने खाटेकडे पाहिलं. म्हणाली, "मग आबांना तर तू उगाचच..."

"हो."

कुलदीपला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "सोनलला सांग ना. ती सांगेल त्यांना नीट समजावून."

तेच सोपं होतं. सुनयनाने सोनलला मेसेज लिहायला घेतला, अर्धा लिहिला आणि पुसला. सोनल तो हसत हसत वाचून दाखवेल, आबाही हसल्यासारखं करतील, आणि तांब्या तसाच भरलेला राहील. आपण आबांना लावलेला डाग कुणीतरी तिसऱ्यानेच पुसला, असं होईल ते. शिवाय सोनलच्या कानावर ते आधीचं घालणारी तरी कोण होती?

आबांचा बटणांचा जुना फोन तिकडेही त्यांच्या उशाशीच असतो. तिने ठरवलं, त्याच्यावरच लावायचा. उचलतील, "कोण?" म्हणतील. मग लहान मुलाशी बोलतो तसल्या आवाजात नाही, साध्या आवाजात सांगायचं, की आबा, ते पाणीच होतं. तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही.