मातीच्या वर्गाला पाच जण कमी

हेरलिंडा सारागोसा आमच्याबरोबर संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये सरकत्या पट्ट्याशी उभी असायची. दिवसभर डागी फळं काढायची आणि संध्याकाळी गावातल्या, पदवीची पहिली दोन वर्षंच शिकवणाऱ्या कॉलेजात जायची. असं करत सात वर्षं गेली. शेवटी डोंगरापलीकडच्या विद्यापीठानं तिला शेतीशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला घेतलं. अट एकच, मातीचा विषय उन्हाळ्याआधी पुरा झाला पाहिजे.

जानेवारीत कॉलेजनं कळवलं, त्या वर्गाला पाच जण कमी पडताहेत. शुक्रवारी दुपारपर्यंत भरले नाहीत तर वर्ग रद्द.

ती कॉलेजच्या सल्लागार बाईंकडे धावली. "पुढच्या वर्षी घ्या की," बाई म्हणाल्या. विद्यापीठाला फोन केला, तर "आम्ही जागा राखून ठेवत नाही." आसपासच्या कॉलेजांत तो विषयच नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला नाही. पट्ट्याशी शेजारी उभ्या असणाऱ्या चोनिताला आणि मला धरलं.

"तुम्ही दोघी नाव घाला."

"मी?" चोनिता हसली. "अगं, शाळा सोडली तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते!"

"इथं कुणालाही घेतात, फीही माफ होईल. कॉलेज पटावरची हजेरी पक्की करेपर्यंत, दोन-तीन आठवडे, नुसत्या येऊन बसा गं." बोलता बोलता ती ओल्या फरशीवर आमच्या पायांशी बसली. मग कुणालाच हसू येईना.

आम्ही दोघींनी नाव घातलं. चोनिताचा भाऊ आला. न्हावी मेल्कियादेस, "टकलावर पीक येईल का, तेही शिकवा," म्हणत आला. पाचवा मिळेना. बुधवारी रात्रीपर्यंत तिनं चर्चमधल्या बायका, टायरवाला, सगळ्यांची दारं ठोठावली.

राहिला नवरा. अबुंदिओ आमच्याच शेडमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. प्रवेश मिळाल्यापासून तो तिच्याशी धड बोलत नव्हता. गुरुवारी शेड सुटताना तिनं त्याला आवारातच गाठलं, आमच्यादेखत.

"अबुंदिओ, एक नाव हवंय."

"तू मला सोडून जाणार, आणि तिथं खुर्ची मी गरम करू?"

"सोडून नाही, शिकायला जातेय."

"तेच ते."

"नको येऊस मग. राहते मी इथंच." तिचा आवाज फाटला. "पण रोज तुझं तोंड बघितलं की मला हेच आठवेल, सांगून ठेवते."

त्यानं फोर्कलिफ्टचं इंजिन बंद केलं आणि तो निघून गेला.

शुक्रवारी दुपारी कळलं, वर्ग होणार. अबुंदिओ सकाळीच जाऊन नाव घालून आला होता. ती पट्ट्यासमोरच रडायला लागली, तर म्हणाला, "पुरे. लोक बघताहेत."

हजेरी पक्की झाल्यावर आम्ही एकेक करून गळालो. अबुंदिओ गळला नाही. मागच्या बाकावर बसायचा, प्रत्येक परीक्षेत नापास व्हायचा, तरी शेवटपर्यंत गेला. "जाता-येता गाडीत बोलणं होतं," एवढंच माझ्या नवऱ्याला म्हणाला.

हेरलिंडा वर्गात पहिली आली आणि ऑगस्टमध्ये विद्यापीठात राहायला गेली. आधी दर शनिवारी यायची. मग परीक्षा आल्या, मग नुसते फोन. पदवी झाली, तिकडेच माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिनं त्याला बोलावलं, खूपदा बोलावलं.

"तिकडे येऊन मी काय करू?" तो म्हणायचा.

त्यांनी काडीमोड घेतलेला नाही. रविवारी तिचा फोन आला की तो अंगणात येतो. घरं लागून आहेत, माझ्या स्वयंपाकघरातून दिसतो मला. बोलत काहीच नाही, फोन कानाला लावून नुसता ऐकत उभा असतो.