एसटीतून पाठवलेला मेल

माझा मेल पडद्यावर होता. त्यातल्या एका शब्दाभोवती लाल गोल. 'इन'.

"उभी राहा. मोठ्याने वाच," टीम लीडर सर म्हणाले.

महापेच्या त्या ऑफिसात आम्ही परदेशी ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचो. दर शुक्रवारी एक चुकलेला मेल निवडला जाई. ज्याचा असेल त्याने तो उभं राहून वाचायचा, दुरुस्त करून पुन्हा वाचायचा. मग बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. आधीचे पाच महिने मीही वाजवल्या होत्या.

माझा मेल दोन ओळींचा. 'सर, आय अ‍ॅम इन एसटी बस, गोइंग टू व्हिलेज. फादर एक्स्पायर्ड, प्लीज ग्रँट लीव्ह.' परभणीच्या वाटेवर मोबाइलवर लिहिलेला.

आपण बसमध्ये असलो तरी इंग्रजीत 'ऑन द बस' म्हणतात, सरांनी समजावलं. बोर्डवर यादी केली. ऑन टाइम, ऑन ड्यूटी, ऑन लीव्ह, ऑन द वे. मागून कुणीतरी म्हणालं, "ऑन म्हणजे टपावर बसली होती काय?" सगळे हसले. सरही.

मी म्हणाले, "सर, खालच्या ओळीत वडिलांचं आहे."

"ते पर्सनल आहे. आपण इंग्लिशचं बोलतोय." मग पडद्यावरचं माझं आडनाव बघून, "सवलतीत डिग्री मिळते. भाषा नाही मिळत."

या वेळी कुणी हसलं नाही.

नोकरी पक्की व्हायला वीस दिवस उरले होते. घरात आता माझा एकटीचाच पगार. मी पहिली ओळ वाचली. 'ऑन' घालून पुन्हा वाचली. दुसरी ओळ समोर आली.

"ही वाचणार नाही," मी म्हणाले आणि बसले.

टाळ्या वाजल्या. सवयीने.

नोकरी पक्की झाली नाही. प्रोबेशन तीन महिने वाढलं. कारण लिहिलं होतं, कम्युनिकेशन. दुसरी नोकरी मिळेना, म्हणून तिथेच आहे. एचआरकडे तक्रार केली. सरांचं म्हणणं ऐकून त्यांनी ती बंद केली. मला बोलावलंच नाही.

काल तीच तक्रार पुन्हा लिहिली. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हळूच म्हणाली, "दे, इंग्लिश चेक करून देते."

नको म्हटलं. आहे तशी पाठवली. त्यात चुका असतील. उत्तर येईपर्यंत दर सोमवारी पाठवीन, माझ्याच इंग्रजीत.